जमावबंदीतला खजिना

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते गच्चीवरच्या पाण्यासारखे आपोआप साठतात आणि एक दिवस खालच्या बिऱ्हाडात गळू लागतात. गेला महिनाभर मी सकाळी फिरायला बरोबर येणाऱ्या मंडळींवर गळतो आहे. काल त्यातले एकजण म्हणाले, "डॉक्टर, एकदा लिहून काढा ना. म्हणजे आम्ही सुटू." म्हणून लिहितो आहे.

माझा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या किश्श्यांना साक्षीदार आहेत, पण त्यांच्यात एकवाक्यता नाही. मीही एक साक्षीदारच, आणि माझ्या आठवणीवर माझा विशेष भरवसा नाही.

*

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. राहायला गिरगावात, फणसवाडीत. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर वाचनालय होतं. तिथे रविवारी सकाळी मी जुन्या लढायांवर व्याख्यान देत असे. ऐकायला पंधरा-वीस माणसं, बहुतेक गिरण्यांतली. पहिल्या रांगेत सुभेदार परब. पलटणीतून निवृत्त झालेले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलेले. ते खुर्चीतसुद्धा सावधान बसत.

एका रविवारी मी एका डोंगरी किल्ल्याचा वेढा सांगत होतो. शत्रू उत्तरेच्या कड्याने वर चढला, असं म्हणालो. सुभेदार उठून उभे राहिले.

"प्रोफेसर, तो कडा तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"मी बघितलाय. तिथून माकड चढत नाही."

"पण सुभेदारसाहेब, तीन ग्रंथांत तसं लिहिलंय."

"मग ते तिघे चढले असतील."

माणसं इतकी हसली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. मी वहीत 'उत्तरेचा कडा' यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तिथे आहे.

*

त्या दिवशी सुभेदारांनी व्याख्यानं बंद केली. म्हणाले, "यांना बसवून लढाई ऐकवू नका. बाहेर काढा. चालवा, फसवा, दमवा." आणि मोहीम सुरू झाली.

मोहीम म्हणजे खजिन्याचा शोध. प्रत्येक चिठ्ठीत जुन्या युद्धातली एखादी युक्ती, वेढा, हेरगिरी, हूल, आणि त्या युक्तीत पुढच्या जागेची खूण. जागा आपल्याच मुंबईतल्या: शिवडीचा किल्ला, वरळीचा किल्ला, शीवचा कोळीवाडा, दादरची चौपाटी. शेवटी खजिना, म्हणजे बुंदीच्या लाडवांचा पत्र्याचा डबा. चिठ्ठ्या मी लिहायच्या आणि पंच सुभेदार.

तुकड्या दोन. लालबागच्या तुकडीचा नायक दत्ताराम, सुभेदारांचा पुतण्या, गिरणीत साच्यावर काम करणारा. गिरगावच्या तुकडीचा नायक माझा शाळेपासूनचा मित्र बापू लेले, बँकेत कारकून.

एका तुकडीत किती माणसं, यावर मात्र चर्चा झाली नाही. तेव्हा शहरात उठसूट जमावबंदी लागायची. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस हटकायचे. दत्ताराम म्हणाला, "चारच बरे. पाचवो इलो की मोर्चो होता."

*

पहिल्याच मोहिमेत मी घोटाळा केला. चिठ्ठीत लिहिलं: 'शत्रूची गलबते जेथून प्रथम दिसली त्या तटाखाली शोधा.' इथवर ठीक होतं. पण मला राहवेना. मी खाली तळटीप दिली: 'हा तट शिवडीचा की वरळीचा, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.'

शिवडी मुंबईच्या एका टोकाला, वरळी दुसऱ्या.

लालबागची तुकडी दुभंगली. दोघं शिवडीला गेले, दोघं वरळीला. गिरगावची तुकडी जागची हललीच नाही. बापूने तिघांना परळच्या एका इराण्याकडे बसवलं आणि चहा मागवला. मी गाठून विचारलं, तर म्हणाला, "अभ्यासकांचं एकमत होऊ दे. तोवर ब्रून मस्का."

संध्याकाळी दत्ताराम शिवडीहून परत आला. त्याच्या हातात डबा होता. मग वरळीला गेलेले दोघे आले. त्यांच्याही हातात डबा होता.

सुभेदारांनी दोन्ही डबे उघडले. दोन्ही अर्धे भरलेले.

"प्रोफेसर, हे काय?"

"मतभेद होते ना," मी म्हणालो. "म्हणून लाडू दोन्हीकडे ठेवले."

सुभेदारांनी दोन्ही झाकणं परत लावली. मग म्हणाले, "तुम्ही आमच्या पलटणीत असतात, तर शत्रू घरीच बसला असता. त्याला काही कामच नव्हतं."

*

दत्तारामच्या तुकडीतली चौथी व्यक्ती म्हणजे सुभेदारांची मुलगी विमल. परळच्या शाळेत शिक्षिका. ती शिवडीच्या वाटेवर दत्तारामच्या पुढे असायची आणि दत्ताराम मागून ओरडायचा, "गे बाय, माका म्हातारो करशील."

आम्ही दोघं एकमेकांना पसंत होतो. हे मला कळायला सहा महिने लागले. तिला आधीच कळलं होतं.

एकदा परळच्या ट्राम स्टॉपवर उभे असताना ती म्हणाली, "बाबांना विचारायचं आहे ते तुम्ही विचारणार की मी?"

मी म्हणालो, "त्याचे दोन्ही पक्ष बघायला हवेत. मी विचारलं तर..."

"ट्राम आली," ती म्हणाली. "मीच विचारते."

दुसऱ्या दिवशी तिने सुभेदारांचं उत्तर जसंच्या तसं आणलं. "मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे. पण उद्या घराला आग लागली तर हा आधी आगीची कारणं शोधील. एकदा तरी तो आपण होऊन पुढे झालेला मला दिसू दे. मग बघू."

आणि एक मुदत होती. मालवणकडून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा फौजेत होता. त्यांना होळीनंतर कळवायचं होतं.

मी विमलला विचारलं, "तो मुलगा कसा आहे?"

"फोटोत तरी पुढे उभा आहे," ती म्हणाली.

*

पुढच्या चिठ्ठ्या छापून घ्यायचं ठरलं, कारण माझं अक्षर कुणाला लागत नव्हतं. छापायचं काम कांबळेकडे. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर. त्याचे आजोबा जुन्या पलटणीत होते, त्यामुळे लढायांबद्दल तो माझ्याशी बरोबरीने भांडायचा. "तुमच्या ग्रंथांत शिडीवरून चढणाऱ्याचं नाव असतं, सर. शिडी वाहून आणणाऱ्याचं कुठंय?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर मला पुढे चाळीस वर्षं शोधावं लागलं आणि त्यावरच माझा प्रबंध झाला. पण ते जाऊ दे.

प्रूफ घेऊन तो थेट माझ्या कॉलेजात आला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, पाच ओळींत नऊ वेळा 'बहुधा' आहे. आमच्याकडचे खिळे संपले."

"मग?"

"मग मी सगळे काढले." त्याने कागद पुढे केला. "आता वाचून बघा. किती हुशार वाटताय."

मी वाचलं. खरंच वाटत होतो. मला फार अवघडल्यासारखं झालं.

*

कोळीवाड्याची मोहीम मात्र गाजली. चिठ्ठी एका कोळणीकडे दिली होती. तिचं नाव हिराबाई. मासळीची पाटी घेऊन ती लालबागला येत असे. ती त्या दिवसाची किल्लेदारीण. परवलीचा शब्द सांगेल त्यालाच चिठ्ठी द्यायची, एवढंच तिला सांगितलं होतं.

परवलीचा शब्द मी निवडला होता. त्यात तीन जोडाक्षरं होती. दुपारपर्यंत तो खुद्द हिराबाईच विसरली.

पण किल्ला तिच्या ताब्यात होता. तिने आपला कायदा केला: मासळी घेईल त्याला चिठ्ठी.

बापू लेले तिथे पहिला पोचला. बापूच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. तो पाटीपासून चार हात लांब उभा राहून तिला परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा ऐकवत होता. ती बोंबील निवडत होती.

"मावशी, हाच शब्द आहे. मी शपथेवर सांगतो."

"सांग की. शपथंला पैसं पडत न्हाईत. बोंबलाला पडतात."

लांबून दत्तारामची तुकडी येताना दिसली. बापूने डोळे मिटले आणि बोंबील घेतले. चिठ्ठी घेऊन धावला. पण बोंबील टाकून द्यायचं त्याला सुचलं नाही. तशीच ती पुडी छातीशी धरून तो बसमध्ये चढला. शीवपासून दादरपर्यंत त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. उतरताना कंडक्टर म्हणाला, "साहेब, उद्यापासून तुम्ही ट्रामने जा."

इतकं करून पुढच्या टप्प्यावर विमलने त्याला गाठलंच आणि गिरगाव हरलं. संध्याकाळी बापू घरी गेला. आईने त्याला चाळीच्या गॅलरीतच उभं करून त्याच्यावर तीन बादल्या ओतल्या.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "अरे, खजिनाही गेला आणि सोवळंही गेलं. पण एक सांगू? वास तितका वाईट नसतो."

*

माघ संपत आला होता. सुभेदारांना मी पुढे झालेला अजून दिसलो नव्हतो. विमलने मला एक संधी काढून दिली, असं ती म्हणते. मला ती संधी वाटली नाही.

दादरच्या चौपाटीवरच्या मोहिमेत मीच किल्ला झालो. वाळूत एक रिंगण आखलं, मी मधोमध स्टुलावर. चिठ्ठी माझ्या खिशात. नियम असा की कुणी मला हात लावायचा नाही. किल्ला आपण होऊन शरण आला तरच चिठ्ठी मिळेल. मी सूर्यास्तापर्यंत टिकलो तर जय माझा. सुभेदार घड्याळ घेऊन उभे.

बापूने वाद घालून किल्ला घ्यायचा प्रयत्न केला. त्यात मी तरबेज होतो. पाऊण तासाने त्याचाच घसा बसला.

मग विमल आली. ती काही बोलली नाही. वाऱ्याची दिशा बघितली, रिंगणाच्या पलीकडे जाऊन बसली, आणि एका भेळवाल्याला बोलावून घेतलं. त्याला म्हणाली, "कांदा जरा जास्त. कैरी इथेच चिरा."

मी सकाळपासून उपाशी होतो. तरीही जवळजवळ अकरा मिनिटं टिकलो, असं माझं म्हणणं आहे. सुभेदार चार म्हणायचे.

"किल्ला पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला," विमल म्हणाली आणि भेळेचा दुसरा कागद माझ्याकडे दिला.

सुभेदारांनी घड्याळ खिशात ठेवलं. "मालवणच्या लोकांचं पत्र आलंय," एवढंच म्हणाले. भेळ एकदम अळणी लागायला लागली. संपवली मात्र सगळी.

*

शेवटची मोहीम होळीच्या आदल्या रविवारची. खजिना शिवडीच्या किल्ल्याखाली, मिठागरांच्या बाजूला पुरलेला. त्या आठवड्यात चळवळीने उचल खाल्ली होती, मिरवणुका निघत होत्या, जमावबंदी कडक होती. सुभेदार म्हणाले, पुढे ढकलू. दत्ताराम म्हणाला, चौघंचौघंच तर जाणार. मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी विचार केला तर... तोवर सगळे निघून गेले होते. मीही त्यांच्या मागे गेलो. सुभेदार नेहमीप्रमाणे वाचनालयात थांबले.

आणि नेमक्या दोन्ही तुकड्या एकाच वेळी पोचल्या. चार आणि चार आठ, मी नववा. दत्तारामच्या हातात फावडं. बापूच्या हातात चिठ्ठी.

तेवढ्यात एक हवालदार दोन शिपायांसह किल्ल्याच्या वळणावरून आला. त्याने आधी आम्हाला मोजलं. मग फावड्याकडे बघितलं. मग बापूच्या हातातला कागद घेऊन मोठ्याने वाचला.

"'प्रथम रसद तोडा. मग पूर्वेकडून तटाला भिडा. जे हाती लागेल ते सूर्यास्तापूर्वी लालबागेत पोचवा.'"

कांबळेने सगळे 'बहुधा' काढलेले. कागद एखाद्या सेनापतीचा हुकूम वाटत होता.

"कुणाची रसद तोडताय?" हवालदाराने विचारलं.

"लाडवांची ओ," दत्ताराम म्हणाला. खरं तेच सांगत होता, पण ते त्या घडीला बरं दिसलं नाही.

"म्होरक्या कोण?"

हा प्रश्न साधा नव्हता. दत्ताराम चळवळीत एकदा आठवडाभर आत जाऊन आला होता. गिरणीने त्याला शेवटचं बजावलेलं होतं. आता पुन्हा नाव लागलं की साचा गेलाच. तरी नायक तोच, त्यामुळे त्याने फावडं खाली ठेवून पाऊल उचललं. विमलने मागून त्याचा सदरा धरला.

हवालदार बापूकडे वळला. "कागद तुझ्या हातात होता. तूच लिहिलास ना? लिहिलंयस मात्र झकास."

"नाही," मी म्हणालो. "ते मी लिहिलंय."

आणि दोन पावलं पुढे गेलो.

त्या दोन पावलांबद्दल लोक अजून बोलतात. दत्तारामला वाचवायला प्रोफेसर पुढे झाला, असं लालबागेत सांगतात. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. दत्ताराम माझ्या मनात नक्कीच होता. पण हवालदाराने 'झकास' म्हटलं आणि ते बापूच्या नावावर गेलं, हेही मला सहन झालं नसावं. या दोन कारणांचं प्रमाण काय, ते मला ठरवता येत नाही.

"बाकीचे चौघंचौघं करून निघा," हवालदार म्हणाला. विमल निघाली नाही. ती धावली, लालबागच्या दिशेने. मला चौकीवर नेलं. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तिथल्या फौजदारांनी मला फार चांगलं वागवलं. त्यांनी चहा पाजला, कागद दोनदा वाचला, आणि रसद तोडण्याविषयी चार-पाच शंका विचारल्या. मी त्या सविस्तर सोडवल्या. त्यामुळे माझी सुटका बरीच लांबली, असं हवालदार नंतर म्हणाला.

तासाभराने सुभेदार आले. कोट घातलेला, छातीवर पदकं. मागे विमल, धापा टाकत. फौजदार उठून उभे राहिले.

"सुभेदारसाहेब, विशेष काही नाही. तुम्ही हमी घ्या आणि घेऊन जा यांना. रजिस्टरमध्ये एक नोंद करावी लागेल." त्यांनी टाक शाईत बुडवला. सुभेदारांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. "यांचं तुमच्याशी नातं काय?"

सुभेदार माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना कधी उत्तरासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं. बाहेर रस्त्यावरून घोषणा देत माणसं चालली होती. विमल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. ते गेल्या वर्षाचं होतं.

"काय लिहू?" फौजदारांनी विचारलं.

"जावई," सुभेदार म्हणाले.

फौजदारांनी लिहिलं. टाकाची कुरकुर मला ऐकू आली. आणि काय झालं कोण जाणे, मी चटकन पुढे वाकलो.

"साहेब, क्षमा करा. ही नोंद चुकीची आहे. लग्न झालेलं नाही. उद्या कुणी हे रजिस्टर पुरावा म्हणून वाचलं, तर त्याची दिशाभूल होईल."

विमलने कपाळाला हात लावला. फौजदारांनी टाक वर धरला आणि सुभेदारांना विचारलं, "मग खोडू का?"

"सरकारी कागद आहे, खोडायचा नाही," सुभेदार म्हणाले. त्यांनी माझी टोपी टेबलावरून उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. "नोंद राहू दे. आपण वस्तुस्थिती दुरुस्त करून घेऊ."